पाळकाने कोणापाशी बोलावे?

आमच्या मंडळीचे, म्हणजे आमच्या चर्चचे, पाळक २०२३ साली निवृत्त झाले. त्या रविवारी उपासना संपल्यावर त्यांना शाल आणि श्रीफळ देण्यात आले, तेविसाव्या स्तोत्राची फ्रेम देण्यात आली आणि आठ जणांनी भाषणे केली. त्या आठांपैकी किमान तिघांनी कधी ना कधी त्यांच्या बदलीसाठी वर अर्ज केलेला होता. मी तेव्हा मंडळीचा खजिनदार होतो. जेवणाच्या पंगती उठल्यावर ते माझ्याजवळ आले आणि, उसने पैसे मागणाऱ्या माणसाच्या संकोचाने, भाड्याची जागा मिळेपर्यंत पुस्तकांची सहा खोकी वेस्ट्रीत, म्हणजे चर्चमधल्या पाळकाच्या खोलीत, ठेवली तर चालेल का, असे त्यांनी विचारले. तीस वर्षांहून अधिक काळ ते पाळकगृहांत राहिले होते. सात गावांतली सात घरे, आणि त्यांतले एकही त्यांचे नव्हते. नव्या पाळकांसाठी महिन्याभरात घर रिकामे करून द्यायचे होते. मी अर्थातच हो म्हणालो. पण चार वर्षे दर महिन्याला त्यांच्या हाती पगाराचे पाकीट देणाऱ्या मला, हा माणूस निवृत्तीनंतर कोठे राहणार, हा प्रश्न तोपर्यंत एकदाही पडला नव्हता.

पाळकांच्या स्वास्थ्याविषयी अलीकडे आपल्या मंडळ्यांत बोलले जाऊ लागले आहे, हे चांगलेच आहे. परंतु ते बोलणे बहुधा अमेरिकेहून आलेल्या पुस्तकांच्या आणि व्हिडिओंच्या वाटेने येते. बार्ना या अमेरिकन संस्थेने मार्च २०२२ मध्ये केलेल्या पाहणीत तिथल्या प्रॉटेस्टंट पाळकांपैकी ४२ टक्क्यांनी, गेल्या वर्षभरात पूर्णवेळ सेवा सोडून देण्याचा विचार मनात येऊन गेल्याचे सांगितले होते. हा आकडा आमच्याकडच्या शिबिरांत इतक्या वेळा ऐकू येतो की तो जणू संगमनेर-श्रीरामपूरचाच असावा. त्या आकड्यापाठोपाठ उपायही तिथलेच येतात : तीन महिन्यांची अभ्यासरजा, व्यायामशाळेचे सभासदत्व, डोंगरातल्या विश्रामगृहात जोडप्याने घालवायचा आठवडा. ज्या पाळकाचा पगार अर्पण जमेल तसा दोन हप्त्यांत होतो, त्याला अभ्यासरजेचे फायदे समजावून सांगणे म्हणजे उपाशी माणसाला जेवणानंतर शतपावली करण्याचा सल्ला देण्यासारखे आहे. थकवा दोन्हीकडे असेल. पण तो कोठून येतो हे पाहिल्याशिवाय त्यावरचा इलाज सापडणार नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. पाळकाची विचारपूस करणारा हात आणि त्याच्या बदलीच्या कागदावर सही करणारा हात एकच असेल, तर ती विचारपूस पाळकापर्यंत कधीच पोहोचत नाही. आपल्याकडे पाळकाचा पगार, घर, मुलांची शाळा, आजारपणातली मदत आणि मनातले बोलण्याची जागा, हे सगळे एकाच साखळीत अडकलेले आहे, आणि त्या साखळीचे प्रत्येक कडे कोणाच्या तरी मर्जीवर आहे. ही साखळी सोडवणे हे काम प्रार्थनेने, सत्काराने किंवा पाळक-दिन साजरा करून होणार नाही. ते व्यवस्थेचे काम आहे, आणि ते प्रामुख्याने आपण सभासदांनी करायचे आहे.

व्यवस्था कशी आहे ते पाहा. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर अशा तिच्या डायोसिसमध्ये, म्हणजे एकेका बिशपांच्या कार्यक्षेत्रात, पाळकाची नेमणूक बिशपांकडून होते, तर त्याचा रोजचा व्यवहार स्थानिक पाळकीय समितीशी येतो. मेथडिस्ट परंपरेत वार्षिक परिषदेच्या शेवटी नेमणुकांची यादी वाचली जाते. आपले नाव कोणत्या गावापुढे येते हे ऐकण्यासाठी सभागृहात बसलेल्या पाळकांचे चेहरे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. स्वतंत्र मंडळ्यांत तर पाळक हाच संस्थापक, हाच विश्वस्त आणि बहुतेकदा हाच भाडेकरूही असतो. या तीनही रचनांना आपापला इतिहास आहे आणि त्यांतल्या कोणत्याही एकीला दोष देण्याचा माझा हेतू नाही. प्रश्न एवढाच आहे की, ‘मला महिनाभर झोप लागलेली नाही’, ‘प्रार्थना करताना शब्द कोरडे पडतात’, ‘घरात आमचे बोलणे बंद आहे’, ही वाक्ये पाळकाने म्हणायची तरी कोणापुढे? बिशपांपुढे म्हणावीत, तर पुढच्या नेमणुकीच्या वेळी ती आठवली जाणार नाहीत याची खात्री काय? समितीपुढे म्हणावीत, तर संध्याकाळपर्यंत ती गावभर होतात. सहकारी पाळकांपुढे म्हणावीत, तर त्याच मोठ्या मंडळीसाठी तेही डोळे लावून बसलेले असतात. आणि सभासदांपुढे म्हणावीत, तर रविवारी व्यासपीठावरून ‘तुम्ही कशाचीही चिंता करू नका’ हे वचन वाचताना पुढच्या बाकावरच्या नजरा कशा होतात, याची कल्पना कोणालाही करता येईल.

हे केवळ कल्पनेने लिहीत नाही. आमच्याकडे गृहभेटी हा पाळकाच्या कामाचा कणा समजला जातो, आणि तो आहेही. संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात पाच-सहा घरे होतात. प्रत्येक घरी चहा होतो, आणि तो पाळकसाहेब आले म्हणून निव्वळ दुधाचा, साखर सढळ हाताने घातलेला. नको म्हटले तर ‘त्यांच्याकडे घेतलात, आमच्याकडे नाही’ हे वाक्य वार्षिक सभेपर्यंत टिकते. आमच्या त्या पाळकांना मधुमेह होता. मला हे कळले ते त्यांच्या पायाची जखम बरी होईना तेव्हा. त्याआधी दोन वर्षे ते गोळ्या घेत होते आणि त्या आणायला एसटीने शेजारच्या गावी जात होते, कारण आमच्या गावातला औषधवाला आमच्याच मंडळीतला. ‘आजारी पाळक’ असा बोलबाला झाला की चांगली मंडळी मिळत नाही, असे त्यांनी मला दवाखान्यातल्या खाटेवरून सांगितले, तेही मी खजिनदार म्हणून बिल भरायला गेलो होतो म्हणून. दोन वर्षे आम्ही सगळे त्यांना प्रेमाने चहा पाजत होतो. आमच्यापैकी कोणीही वाईट माणूस नव्हता. फक्त खरे सांगितले तर आपले नुकसान होईल असे त्यांना वाटावे, अशी आमची रचना होती.

२०२१ च्या उन्हाळ्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, याच माणसाने तीन आठवड्यांत अकरा दफनविधी केले. कबरस्तानाच्या फाटकाशी पीपीई किट चढवायचे, आत पालिकेचे चार कर्मचारी, आणि एकदा तर मृताच्या मुलाचा चेहरा फक्त मोबाइलच्या पडद्यावर. दफनाचे वाक्य वाचताना त्यांनी तो मोबाइल स्वतःच्या हातात धरला होता, म्हणजे मुलाला खड्डा दिसावा. अकराव्या दफनानंतरच्या रविवारी त्यांनी ऑनलाइन उपासना घेतली आणि त्यानंतर आलेले दोन निरोप मला अजून आठवतात : एकात आवाज नीट येत नव्हता अशी तक्रार होती, दुसऱ्यात उपदेश लांबल्याची. त्या तीन आठवड्यांविषयी त्यांच्याशी कोणी बोलले का, असे मी पुढे एकदा विचारले, तेव्हा ते हसून म्हणाले, ‘तुम्हीच पहिले.’ तोपर्यंत दीड वर्ष उलटून गेले होते.

इथे काही वाचक म्हणतील की मानसिक आरोग्याची सोय आता सर्वांनाच आहे. ती आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये झाला. ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते, आणि कोणत्याही पाळकाने ती जरूर वापरावी. परंतु तालुक्याच्या गावात मानसोपचारतज्ज्ञाच्या दाराबाहेरच्या बाकावर पाळक बसलेला दिसला, तर त्याच्यासाठी प्रार्थना करणाऱ्यांपेक्षा त्याच्या विश्वासाविषयी शंका घेणारेच अधिक निघतील, ही वस्तुस्थिती आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची जी व्याख्या स्वीकारली, तीत त्याला आजार म्हटलेले नाही, कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ नीट न हाताळल्या गेलेल्या ताणातून येणारी अवस्था असे म्हटले आहे. म्हणजे माणूस बरा करण्याआधी कामाची जागा तपासावी लागते.

या बाबतीत आपल्या शेजारच्या घराकडे पाहण्यासारखे आहे. कॅथलिक धर्मसभेचे १९८३ चे धर्मविधान वसईच्या मराठी धर्मगुरूंनाही लागू आहे. त्यातल्या ९८५ व्या कलमानुसार सेमिनरीच्या, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयाच्या, रेक्टरने (प्रमुखाने) आपल्याच घरात राहणाऱ्या विद्यार्थ्यांचे पापनिवेदन, म्हणजे पापांची कबुली, विद्यार्थ्याने एखाद्या प्रसंगी आपण होऊन मागितल्याशिवाय, ऐकायचे नसते. २४० वे कलम आणखी पुढे जाते : विद्यार्थ्याला धर्मगुरुपदाची दीक्षा द्यायची की नाही हे ठरवताना त्याच्या आध्यात्मिक मार्गदर्शकाचे किंवा त्याचे पापनिवेदन ऐकणाऱ्याचे मत कधीही विचारायचे नाही. ज्याच्या हाती तुमचे भवितव्य आहे त्याच्यापाशी तुमचे अंतःकरण उघडावे लागू नये, ही समज या नियमांमागे आहे. त्याच विधानात, २८१ व्या कलमात, धर्मगुरूला निर्वाहापुरते वेतन आणि आजारपण व वार्धक्यात आधार मिळण्याची, तर २८३ व्या कलमात वार्षिक सुटीची तरतूद आहे. नियम लिहिले म्हणजे माणसे सुखी होतात असे नाही. अविवाहित धर्मगुरूचे एकटेपण हा वेगळाच विषय आहे आणि त्यावर त्यांच्यातल्याच कोणी लिहावे. मात्र आपण प्रॉटेस्टंटांनी पापनिवेदनाचा विधी सोडला, तेव्हा त्याबरोबर पाळकाची बोलण्याची सुरक्षित जागाही गेली आणि तिच्या बदल्यात आपण काहीच उभे केले नाही, हे मान्य करायला हरकत नसावी.

खरे तर पवित्र शास्त्र या बाबतीत आपल्यापेक्षा फार व्यवहारी आहे. निर्गमच्या अठराव्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे न्यायनिवाडे करीत बसलेला आहे. तू करतोस ते बरे नाही, अशाने तू आणि हे लोकही झिजून जातील, असे त्याला स्पष्ट सांगणारा माणूस कोण? इथ्रो. तो मोशेचा सासरा आणि मिद्यानाचा याजक; इस्राएलाच्या बारा वंशांतल्या कोणाचाही तो वरिष्ठ नव्हता की कनिष्ठ नव्हता. तो आला, दुसऱ्या दिवशी त्याने मोशेचे काम पाहिले, तिथेच बोलला आणि काम झाल्यावर आपल्या देशी निघून गेला. छावणीतल्या लाखो लोकांना जे दिसले नाही, किंवा दिसूनही बोलता आले नाही, ते बाहेरच्या माणसाला एका दिवसात दिसले. आणि ‘१ राजे’ या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात, मरण मागत झुडपाखाली पडलेल्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने आधी उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले आणि उठवून पुन्हा खायला दिले. देवाचा प्रश्न त्यानंतर आला, तोही चाळीस दिवसांनी. आपण मात्र खचलेल्या पाळकाला पहिल्याच भेटीत वचन ऐकवतो, जणू ते त्याला पाठ नसावे.

भाकरीचा विषय निघाला आहे, तेव्हा पैशाविषयी मोकळेपणाने बोलले पाहिजे. अमेरिकन बोर्ड या मिशनरी पाठवणाऱ्या संस्थेचे सचिव रुफस अँडरसन १८५४-५५ च्या सुमारास हिंदुस्थानात आले. स्थानिक मंडळीने आपला कारभार आपण करावा, आपला खर्च आपण भागवावा आणि सुवार्ताही आपणच पसरवावी, या मताचे ते पुरस्कर्ते होते. त्याच काळात, १८५४ साली, अहमदनगरला हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या इथल्याच दोघांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. स्वावलंबनाचे हे तत्त्व उदात्त आहे यात वाद नाही. पण त्याचा भार प्रत्यक्षात कोणाच्या पोटावर पडला, याचा हिशेब आपण मांडलेला नाही. स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनांचा पैसा टप्प्याटप्प्याने आटला. मराठी मंडळ्यांतले पुष्कळसे सभासद दलित समाजातून आलेले, आणि १९५० च्या अनुसूचित जाती आदेशातल्या तिसऱ्या परिच्छेदामुळे ख्रिस्ती झालेल्यांना अनुसूचित जातींच्या सवलती आजही मिळत नाहीत. त्यामुळे गावाकडच्या मंडळीची अर्पणाची थैली हलकीच राहिली. दुसरीकडे शहरांतल्या जुन्या चर्चच्या कुंपणाला लागून दुकानांच्या रांगा उभ्या आहेत आणि त्यांचे भाडे त्या-त्या चर्चच्या खात्यात जमा होते. म्हणजे एकाच डायोसिसमध्ये, एकाच सेमिनरीत शिकलेल्या दोन पाळकांपैकी एकाला स्वयंपाकघरात फिल्टर आहे आणि दुसऱ्याची बायको सार्वजनिक नळावर रांगेत उभी आहे. यामुळेच बदली ही शिक्षा किंवा बक्षीस ठरते, आणि म्हणूनच बदलीच्या भीतीने तोंडे बंद राहतात. पगाराचा आणि बोलण्याचा प्रश्न एकच आहे असे मी म्हणतो, ते या अर्थाने.

पगाराचे नाव काढले की एक ठरलेले उत्तर येते : ‘ही सेवा आहे, नोकरी नव्हे, टिळकांनी पगार सोडला होता.’ रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ सुरू केला, हे खरे आहे. परंतु तो त्याग त्यांनी स्वतःहून, पन्नाशी उलटल्यावर, परदेशी मिशनच्या छत्राखालून बाहेर पडण्यासाठी केला. कोणा समितीने ठराव करून त्यांच्यावर तो लादला नव्हता. शिवाय टिळकांच्या औदार्याचा खर्च घरात कोण भागवत होते, हे लक्ष्मीबाईंनी स्वतःच लिहून ठेवले आहे, आणि ते वाचल्यावर ज्याला पाळकाच्या उपासमारीत अध्यात्म दिसते, त्याने ते पुन्हा एकदा वाचावे. पौलाचे उदाहरणही असेच अर्धे सांगितले जाते. तो तंबू शिवून पोट भरत असे. पण करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात त्याने आधी सविस्तर सिद्ध केले की सुवार्ता सांगणाऱ्याचा उपजीविकेवर हक्क आहे, त्यासाठी मळणीच्या बैलाला मुसके न बांधण्याचा नियमशास्त्रातला दाखला दिला, आणि मगच तो हक्क आपण वापरला नाही असे सांगितले. हक्क असलेल्यानेच तो सोडायचा असतो. आपण मात्र मुसके बांधतो आणि वर बैलाच्या उपवासाचे कौतुक करतो.

पाळकीणबाईंविषयी, म्हणजे पाळकांच्या पत्नींविषयी, कोणत्याही ठरावात शब्द नसतो. महिला मंडळ, संडे स्कूल, नाताळच्या गीतांची तालीम, अचानक आलेल्या पाहुण्यांचे जेवण, हे सगळे नेमणूकपत्राशिवाय त्यांच्याकडे येते. स्वतःची नोकरी असली तर ती बदलीच्या गावी हलत नाही, म्हणून बहुतेक जणी ती सोडतात. मुलांच्या शाळा जूनच्या तोंडावर बदलतात. स्त्री-पाळकांच्या बाबतीत हाच प्रश्न उलट बाजूने येतो आणि त्याची दखल तर त्याहूनही कमी घेतली जाते.

आणखी एक ताण आहे, ज्याचे नाव घ्यायला लोक कचरतात. मिशनकाळातल्या जमिनी आणि इमारती सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या आहेत. विश्वस्त बदलले की धर्मादाय आयुक्तांकडे कलम २२ खाली चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची नोंद करण्याचा अर्ज, दाखल होतो, त्याला दुसरा गट हरकत घेतो आणि वर्षानुवर्षे तारखा पडतात. अशा मंडळीत पाळक ज्या गटाच्या घरी नाताळची करंजी खातो, त्या गटाचा ठरतो. एका गटाने उपासनेच्या वेळी व्यासपीठावरचा माइक काढून घेतला आणि दुसऱ्या गटाने त्याची पोलिसांत तक्रार केली, असा प्रसंग मी स्वतः पाहिला आहे. पाळक मध्ये उभे होते, हातात उघडे पुस्तक, आणि त्यांचा जबाब दोन्ही बाजूंना आपल्यासारखा हवा होता. छोट्या खेड्यांत घरोघरी प्रार्थना घेणाऱ्या पाळकांची भीती आणखी निराळी आहे, विशेषतः गुजरात-मध्य प्रदेशाच्या सीमेलगत, जिथे पलीकडे धर्मांतरविषयक कायदे आहेत आणि अलीकडेही सभेच्या दाराशी कोण उभे आहे ते पाहूनच गीत सुरू केले जाते.

आता यावर घेतला जाणारा सर्वांत गंभीर आक्षेप. पाळकांतही लबाड माणसे असतात. हिशेब न देणारी, सभासदांना धाकात ठेवणारी, काही तर त्याहून वाईट वागणारी. अशांना गुप्तपणे बोलण्याची सोय करून देणे म्हणजे त्यांच्या गुन्ह्यांवर पांघरूण घालणे नव्हे काय? हा आक्षेप मला मनापासून मान्य आहे आणि त्यासाठी मर्यादा आधीच स्पष्ट लिहिलेली असावी. बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळालेल्या कोणालाही ती पोलिसांना कळवणे २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या १९ व्या कलमाने बंधनकारक आहे. तिथे कोणतीही गोपनीयता आड येऊ शकत नाही. परंतु उलट बाजूही पाहावी. आज जी व्यवस्था आहे, तिच्यात काळजी आणि अधिकार एकाच ठिकाणी असल्यामुळे चांगला पाळक गप्प राहतो आणि वाईट पाळकाला सांभाळून घेतले जाते, कारण त्याची चौकशी करणारा आणि त्याच्यावर माया करणारा माणूस एकच असतो. दोन्ही कामे वेगळी केली तर चौकशीही अधिक कठोरपणे करता येईल.

मग करायचे काय? मी खजिनदार होतो, म्हणून आधी खजिनदाराच्या भाषेत सांगतो. पगार स्थानिक अर्पणातून न देता डायोसिसच्या किंवा परिषदेच्या सामाईक निधीतून, सर्वांना सेवेच्या वर्षांप्रमाणे सारखा, महिन्याच्या एक तारखेला बँकेत जमा व्हावा. मंडळ्यांनी आपापला वाटा निधीत भरावा आणि दुकानांचे भाडे घेणाऱ्यांनी अधिक भरावा. असे झाले की बदली केवळ गावाची राहील, घरातल्या ताटाची होणार नाही. राष्ट्रीय पेन्शन योजना २००९ पासून सर्व नागरिकांना खुली आहे. दीक्षेच्या वर्षापासूनच पाळकाच्या नावाने त्यात किंवा तशा खात्यात ठरावीक रक्कम टाकली, तर तीस वर्षांनी त्याला खोकी ठेवायला जागा मागावी लागणार नाही. ज्या काळात मी पाकिटे भरत होतो, त्या काळात आमच्या मंडळीने फुलांच्या सजावटीवर वर्षाला जेवढा खर्च केला, तेवढ्यात याची सुरुवात झाली असती. मी ते आकडे स्वतः लिहिले आहेत. सोमवार हा पाळकाचा सुटीचा दिवस असे सर्व मंडळीला सांगून टाकावे, आणि त्या दिवशी मृत्यूखेरीज कशासाठीही फोन करू नये. आमच्याकडे ही सूचना मांडली तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, ‘मग आमच्या वाढदिवसाचे काय?’ त्यांचा वाढदिवस त्या वर्षी सोमवारीच येत होता.

बोलण्याच्या जागेसाठी मात्र इथ्रो शोधावा लागेल, आणि तो साखळीबाहेरचाच हवा. धर्मशिक्षणाच्या अभ्यासक्रमात पाळकीय समुपदेशन हा विषय असतो. पुण्यात युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी आहे, १९८३ मध्ये यवतमाळहून आलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. दुसऱ्याचे ऐकून घेण्याचे शिक्षण घेतलेली माणसे आपल्याकडे नाहीत असे नाही. अडचण अशी की तीही कोणत्या ना कोणत्या डायोसिसची असतात. म्हणून परस्परांत देवघेव करावी : एका परंपरेच्या पाळकांचे दुसऱ्या परंपरेच्या निवृत्त पाळकाने किंवा समुपदेशकाने ऐकावे, नाशिकच्या माणसाने कोल्हापूरकडे जावे आणि मेथडिस्टाने वसईच्या एखाद्या फादरांकडे. खर्च सामाईक निधीतून, बिलावर नाव न लिहिता. ऐकणाऱ्याने बिशपांना, समितीला किंवा विश्वस्तांना कसलाही अहवाल द्यायचा नाही, हे लेखी असावे. अपवाद फक्त वर सांगितलेल्या गुन्ह्याचा आणि कोणाच्या जिवाला धोका असल्याचा. बिशपांनाही अशी एक जागा हवी, हे ओघाने आलेच. त्यांच्यापाशी तर आपण फक्त अर्ज घेऊनच जातो.

आमचे निवृत्त पाळक आता शेजारच्या जिल्ह्यात मुलीकडे राहतात. खोक्यांपैकी चार त्यांनी नेली. दोन अजून वेस्ट्रीत, प्रभुभोजनाच्या कपाटाखाली आहेत. नव्या पाळकांनी परवा मला विचारले की ती कोणाची, आणि मी सांगितल्यावर ते काही वेळ त्यांच्याकडे पाहत राहिले. सामाईक निधीत वाटा भरण्याचा आणि बाहेरच्या समुपदेशकाचा खर्च मंजूर करण्याचा ठराव मी या वर्षीच्या वार्षिक सभेसाठी दिला आहे. विषयपत्रिका कालच हाती आली. माझा ठराव अकराव्या क्रमांकावर, ‘आयत्या वेळचे विषय’ याच्या अगदी आधी आहे. दहावा विषय चर्चच्या फरशा बदलून संगमरवर बसवण्याचा आहे आणि त्यावर बोलण्यासाठी आतापर्यंत चौदा जणांनी नावे दिली आहेत.